कीर्दीतून खतावणी : संगणकाच्या वहीत क्रम लावताना

व्यापारी घरात वाढलेल्या कोणासही दोन वह्यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. कीर्द काळाच्या क्रमाने चालते. खतावणी माणसांच्या क्रमाने. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत जे जे घडले ते कीर्दीत घडले त्याच क्रमाने उतरते. पुढे तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर, जमेला किंवा नावे, जाऊन बसतो. महिनाअखेर खात्यांची तेरीज काढली की दोन्ही बाजूंचा मेळ बसतो अथवा बसत नाही, आणि बसला नाही तर दिव्याच्या उजेडात एकेक पान पुन्हा तपासले जाते. एकच माहिती, परंतु तिचा क्रम निराळा आणि मांडणीही निराळी. तक्त्यातील माहितीचा क्रम लावणे आणि तिचे रूप पालटणे, असे ज्यास संगणकशास्त्रात म्हणतात, ते मुळात हेच होय. आपल्या पेढ्यांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बदलले आहे ते केवळ साधन.

ते नवे साधन म्हणजे पायथन ही संगणकाची भाषा. नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसृत केली. ती विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते आणि महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या बहुतेक मुलामुलींना तिची ओळख असते. २००८ साली वेस मॅकिनी यांनी आर्थिक आकडेवारी हाताळण्यासाठी याच भाषेत ‘पांडाज’ नावाचा संच लिहावयास घेतला. आज तक्त्यांच्या कामात तो जगभर वापरला जातो. दुकानाची नोंद टॅलीत असो वा एक्सेलमध्ये, तिची सीएसव्ही फाइल काढली की पायथन ती वाचू शकते. घरातील मुलगा अथवा सून सुटीत येऊन एका दुपारी असा लहानसा प्रोग्राम लिहून देते, आणि जे काम मुनीमजींना आठवडाभर पुरत असे ते क्षणार्धात होते. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु या वेगाच्या पोटात एक धोका असतो, आणि आजचा लेख त्याविषयी आहे. त्याचे सार चार शब्दांत सांगता येते : आधी रूप, मग क्रम.

उदाहरणासाठी मैंदर्गीच्या बाजारपेठेतील धान्य-कडधान्याचे एक दुकान कल्पनेत घेऊ. मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना मराठीतून कन्नडमध्ये व कन्नडमधून मराठीत सहज जावे लागते. तूर, हरभरा, ज्वारी यांची खरेदी कधी दुधनी-अक्कलकोटकडून, कधी कलबुर्गीकडून. वर्षाकाठी समजा तीन हजार बिले. त्यांतील काही संगणकावर केलेली, काही हाताने लिहून नंतर चढवलेली. काही नावे मराठीत, काही कन्नडमध्ये. या दुकानाच्या मालकास तीन साध्या गोष्टी हव्या आहेत : सर्वांत मोठी येणी कोणाकडे आहेत, कोणत्या बिलाची मुदत आधी संपते, आणि प्रत्येक पार्टीची वर्षभराची खतावणी. या तीन मागण्यांच्या आधारे पुढील विवेचन पाहू.

अंक कोणता, अक्षर कोणते

पहिली मागणी येण्यांची. तीन उधाऱ्या समजा : ९,५०० रुपये, १८,४०० रुपये आणि १,२५,००० रुपये. मोठी रक्कम वर यावी असा क्रम पायथनला लावावयास सांगितला आणि यादीत सर्वांत वर ९,५०० आले, त्याखाली १८,४०० आणि तळाशी १,२५,०००, तर वाचकांना नवल वाटेल. परंतु संगणकाने आपल्या परीने काहीही चूक केलेली नाही. रकमेत स्वल्पविराम असल्यामुळे तो रकाना त्याने अंक म्हणून न घेता अक्षरे म्हणून घेतला. अक्षरांचा क्रम शब्दकोशासारखा, पहिल्या खुणेपासून लागतो. ‘९’ ही खूण ‘१’च्या पुढची, म्हणून साडेनऊ हजार सव्वा लाखापेक्षा मोठे ठरले. येथे कोणतीही सूचना येत नाही, पडद्यावर लाल रेघ उमटत नाही. यादी नेटकी दिसते, आणि त्या यादीबरहुकूम तगादा केला तर साडेनऊ हजारांच्या जुन्या, सचोटीच्या गिऱ्हाइकास सकाळी सकाळी फोन जातो, तर सव्वा लाखाचा देणेकरी स्वस्थ राहतो. दुकानाचे पैसे उशिरा येतात ते येतातच. एका घराचे मनही दुखावते. पेढीच्या हिशेबात पैशांची तूट भरून निघते, अशा दुखावलेल्या मनाची भरपाई सहसा होत नाही.

उपाय सोपा आहे. फाइल वाचतानाच स्वल्पविराम हे केवळ हजार-लाखांची फोड दाखवणारे आहेत असे पांडाजला सांगता येते. त्यासाठी ‘थाउजंड्स’ नावाचा पर्याय आहे. अथवा स्वल्पविराम काढून मग अंकात रूपांतर करावे. जुन्या वह्यांतून देवनागरी अंकांत नोंदी चढवल्या असतील तर एक आनंदाची गोष्ट सांगण्याजोगी आहे : पायथनचे ‘इंट’ हे अंकात रूपांतर करणारे साधन देवनागरी आकडेही जाणते. ‘१२५’ असे मराठीत लिहिलेले त्यास दिले तरी ते सव्वाशेच समजते. मात्र अंकात रूपांतर होण्याआधीच क्रम लावला, आणि रकान्यात दोन्ही लिपींतील आकडे मिसळलेले असले, तर देवनागरी आकडे सर्व इंग्रजी आकड्यांच्या नंतर जातील.

रुपये-पैशांच्या बाबतीत आणखी एक दक्षता. पायथनला शून्य दशांश एक आणि शून्य दशांश दोन यांची साधी बेरीज विचारली तर उत्तर नेमके शून्य दशांश तीन येत नाही. तिनाच्या पुढे पंधरा शून्यांनंतर एक चुकार चार शिल्लक राहतो. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि एकदशांश हा अंश त्या पद्धतीत नेमका मावत नाही, एवढेच त्याचे कारण. रक्कम लहान असताना याने बिघडत नाही. परंतु दोन बाजू सारख्या आहेत का, अशी तुलना केली की मेळ बसत नसल्याचा भास होतो. यावर जुन्या मुनीमजींची रीत चांगली : सर्व हिशेब पैशांत, म्हणजे पूर्णांकात करावा आणि शेवटी शंभराने भागून रुपये दाखवावेत. अथवा ‘डेसिमल’ नावाचे जे साधन पायथनमध्ये याच कामासाठी आहे ते वापरावे.

आता याच्या नेमकी उलट बाजू. काही गोष्टी अंकांसारख्या दिसतात, परंतु त्या अंक नसतात. जीएसटीच्या विवरणात द्यावयाचा एचएसएन संकेत हे त्याचे उत्तम उदाहरण. कडधान्यांचा संकेत ०७१३, कांद्याचा ०७०३, हळदीचा ०९१०. ज्वारीचा १००७, साखरेचा १७०१. पांडाज अथवा एक्सेल या रकान्याला अंक समजले की आरंभीचे शून्य गळून पडते आणि तुरीचा संकेत ७१३ एवढाच उरतो. रकान्यात एखादी जागा रिकामी असेल तर पांडाज त्याचे ‘७१३.०’ करून टाकते. पुन्हा अक्षररूपात आणून क्रम लावावा तर ७१३ हा १००७ च्या पुढे जाऊन बसतो, कारण सात एकाच्या नंतर. शून्य शाबूत असते तर हा प्रश्न उद्भवला नसता. चार खुणांची ठरीव लांबी राखणे हेच त्या शून्याचे काम आहे. म्हणून असे रकाने वाचताना ‘हे अक्षररूपच ठेव’ असे पांडाजला आरंभीच बजावावे. शून्य आधीच गळलेले असेल तर ‘झेडफिल’ या साधनाने चार खुणा पुऱ्या होईतो डावीकडे शून्ये भरता येतात.

बँक खात्याचे क्रमांक याहून नाजूक. एक्सेल कोणत्याही अंकाच्या पहिल्या पंधरा स्थानांपर्यंतचीच अचूकता राखते. सोळा आकडी खाते क्रमांक अंक म्हणून भरला की शेवटचा आकडा शून्य होतो, आणि एकदा झाला की मूळ आकडा त्या फाइलमधून परत मिळवता येत नाही. पैसे भलत्या खात्याकडे पाठवण्याचा हा राजमार्ग म्हणावयास हवा. येथे एकच कसोटी ध्यानात ठेवावी : ज्याची बेरीज करण्यात अर्थ आहे तो अंक, ज्याची बेरीज निरर्थक ते नाव. दोन उधाऱ्यांची बेरीज होते. दोन खाते क्रमांकांची, दोन पिनकोडांची, दोन एचएसएन संकेतांची होत नाही. ती नावेच, केवळ आकड्यांत लिहिलेली.

तारीख : चार मार्च की तीन एप्रिल

दुसरी मागणी मुदतीची. जीएसटीच्या नियमाप्रमाणे पुरवठादारास बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत रक्कम न दिल्यास त्या बिलावर घेतलेला इनपुट क्रेडिटचा लाभ व्याजासह परत करावा लागतो. तेव्हा देणी तारखेच्या क्रमाने लावून ठेवणे हे केवळ टापटिपीचे काम नव्हे.

समजा एका बिलावर ०४-०३-२०२५ अशी तारीख आहे. आपण ती चार मार्च अशी वाचतो. पांडाजला काही न सांगता ती दिली तर ते अमेरिकी रिवाजाप्रमाणे महिना आधी धरते आणि तिचे तीन एप्रिल करते. फरक किती पडतो पाहा. चार मार्चपासून १८० दिवस ३१ ऑगस्ट रोजी भरतात. तीन एप्रिलपासून ३० सप्टेंबर रोजी. यादीप्रमाणे महिनाभर अवकाश आहे असे वाटत असते, तेव्हा मुदत टळून गेलेली असते. शिवाय चार मार्च हा दिवस २०२४-२५ या आर्थिक वर्षातला आणि तीन एप्रिल २०२५-२६ मधला. एका बिलाने वर्षच बदलले.

जुन्या आवृत्त्यांत ही गडबड अधिक छुपी होती. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या तारखा उलट वाचल्या जात, आणि तेरा ते एकतीस या तारखा महिना होऊच शकत नाहीत म्हणून त्या बरोबर वाचल्या जात. एकाच रकान्यात दोन रिवाज नांदत आणि कोणासही पत्ता लागत नसे. एप्रिल २०२३ मध्ये पांडाजची दुसरी आवृत्ती आली. ती पहिल्या ओळीवरून रिवाज ठरवते, तोच सर्व रकान्यास लावते आणि न जुळल्यास काम थांबवून तक्रार करते. ही सुधारणा मोलाची, परंतु फाइलमध्ये केवळ महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचीच बिले असतील तर तक्रारीस जागाच उरत नाही. म्हणून ‘दिवस, महिना, वर्ष’ हा रिवाज आपण होऊन स्पष्ट शब्दांत सांगावा; यंत्राच्या तर्कावर सोडू नये. आणि फाइल साठवताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, २०२५-०३-०४ अशा रूपात साठवावी. या रूपाचा गुण असा की त्यास कोणी चुकून अक्षरे समजून क्रम लावला तरी तो काळाचाच क्रम लागतो.

नावे आणि वर्णमाला

तिसरी मागणी खतावणीची, आणि तेथे गाठ नावांशी पडते. ‘शहा’, ‘शाह’ आणि ‘शहा ’ (शेवटी एक अदृश्य मोकळी जागा) ही संगणकाच्या लेखी तीन निरनिराळी माणसे. क्रम लावल्याने ती एक होत नाहीत. फार तर जवळजवळ येतात. मोकळ्या जागा छाटण्यास ‘स्ट्रिप’ हे साधन आहे. लेखनभेदांसाठी मात्र एक जुळणी-तक्ता स्वतः तयार करावा लागतो. नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या बाबतीत याहून भरवशाचा आधार म्हणजे पंधरा खुणांचा जीएसटी क्रमांक. त्याच्या पहिल्या दोन खुणा राज्याच्या (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९) आणि पुढील दहा पॅनच्या. मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावी याचा दुहेरी उपयोग होतो. पहिल्या दोन खुणांवरून राज्यातली खरेदी आणि राज्याबाहेरची खरेदी वेगळी काढता येते. आणि एखाद्या पेढीची अक्कलकोट व कलबुर्गी अशी दोन ठिकाणी नोंदणी असेल तर क्रमांक दोन असूनही मधला पॅन एकच राहतो. खाते क्रमांकाप्रमाणे मांडावे की पॅनप्रमाणे, हा निर्णय मात्र मालकाने करावा. तो यंत्राचा नव्हे.

मराठी नावांचा क्रम हा आणखी एक सूक्ष्म विषय. पायथन अक्षरांचा क्रम युनिकोडमधील त्यांच्या स्थानावरून लावते आणि ते स्थान आपल्या वर्णमालेशी सर्वत्र जुळत नाही. मराठीत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. ‘क्ष’ला स्वतंत्र स्थान नाही, तो ‘क’ आणि ‘ष’ यांचा जोड. परिणामी ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येते, आणि ‘क्षीरसागर’ हे नाव मराठी यादीच्या शेवटी शोधणाऱ्यास ते ‘क’च्या पंक्तीत, ‘ख’च्या थोडे आधी सापडते. कन्नड लिपीतील नावे तर सर्व देवनागरी नावांच्या नंतर एकत्र येतात. छापील यादीतून खाते शोधणाऱ्या वडीलधाऱ्यांना याचा त्रास होतो; ‘माझे नाव यादीत नाहीच’ असा गैरसमजही होतो. यास उपाय असा की आपल्या वर्णमालेचा क्रम एकदा लिहून ठेवावा आणि क्रम लावताना तो निकष म्हणून द्यावा. पायथनमध्ये या निकषाला ‘की’, म्हणजे किल्ली, असेच नाव आहे. ही किल्ली प्रत्येक नोंदीस एकदाच लावली जाते आणि मग त्यावरून तुलना होते. पावत्यांच्या कोपऱ्यावर आधी पेन्सिलीने क्रमांक घालावेत आणि मग केवळ ते क्रमांक पाहत गठ्ठा लावावा, तसाच हा प्रकार. रूपांतर महागडे असेल तेव्हा या रीतीने पुष्कळ वेळ वाचतो.

जाता जाता मराठी फाइलविषयी एक सूचना. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवलेली मराठी नावे अनेकदा केवळ प्रश्नचिन्हांच्या ओळी होऊन बसतात. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-आठ’ हा पर्याय निवडावा.

क्रम लागतो तरी कसा

रूपे ठरली की क्रम लावणे यंत्रावर निःशंक सोपवावे. त्या कामात ते आपल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. का सरस आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

तीन हजार बिलांचा क्रम लावण्याची भाबडी रीत म्हणजे प्रत्येक बिलाची प्रत्येक बिलाशी तुलना. अशा जोड्या किती होतात? काही वस्तूंमधून ठरावीक संख्येचे किती गट निवडता येतात, याचा सर्वसाधारण नियम नवव्या शतकात महावीराचार्यांनी आपल्या गणितसारसंग्रहात दिला आहे. ग्रंथारंभी त्यांनी ज्या अमोघवर्षाचा गौरव केला आहे, त्या राष्ट्रकूट राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. त्या नियमाने तीन हजार बिलांच्या जोड्या ४४ लाख ९८ हजार ५०० होतात. बिले एक लाख असली तर ४९९ कोटी ९९ लाख ५० हजार. नोंदी वाढल्या त्याहून कितीतरी अधिक पटींनी श्रम वाढले.

शहाणी रीत निराळी. पावत्यांचे दोन गठ्ठे आधीच क्रमाने लावलेले असतील तर त्यांचा एक गठ्ठा करणे सोपे : दोन्हींच्या वरच्या पावत्या पाहाव्यात, जी आधीची ती उचलावी, पुन्हा पाहावे. लहान गठ्ठ्यांतून मोठे, मोठ्यांतून आणखी मोठे. संगणकासाठी ही रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडली. तिने तीन हजार बिलांचे काम सुमारे पस्तीस हजार तुलनांत आटोपते, आणि एक लाखांचे सुमारे सतरा लाखांत. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी तिच्यात मार्मिक सुधारणा केली. व्यवहारातील माहिती सहसा पूर्ण विस्कटलेली नसते; तिच्यात क्रमाने लागलेले तुकडे आधीच असतात. त्यांची रीत असे तुकडे ओळखते आणि ते तसेच वापरते. कीर्द मुळात तारखेच्या क्रमाने असेल तर तीन हजार नोंदींना केवळ २,९९९ तुलना पुरतात. रोज नेटाने लिहिलेल्या वहीचे काम यंत्रही लवकर करते.

या रीतीचा आणखी एक गुण खतावणीस फार उपयोगी आहे. दोन नोंदी निकषावर समान ठरल्या तर त्यांचा मूळचा आपसातील क्रम ती मोडत नाही. कीर्द तारखेने लावलेली असताना नावाने क्रम लावला तर प्रत्येक नावाखाली तारखा आपोआप क्रमाने राहतात. म्हणजे खतावणीच तयार होते. मात्र येथे एक खाच आहे. हा गुण पायथनच्या स्वतःच्या ‘सॉर्टेड’ व ‘सॉर्ट’ या साधनांचा आहे. पांडाजचे ‘सॉर्ट व्हॅल्यूज’ एकाच रकान्यावर चालवले तर ते आपण होऊन निराळी रीत वापरते आणि त्या रीतीत मूळ क्रम टिकण्याची हमी नाही. तेव्हा पांडाजला नाव आणि तारीख हे दोन्ही रकाने एकदमच द्यावेत, अथवा ‘स्टेबल’ रीत स्पष्टपणे मागावी. आणि सर्वांत मोठी वीस येणीच पाहावयाची असतील तर संपूर्ण क्रम लावण्याची गरजच नाही. ‘एन-लार्जेस्ट’ नावाचे साधन तेवढीच वीस काढून देते.

उभे आणि आडवे

आता मांडणीविषयी. दुकानदारास आडवा तक्ता आवडतो : डावीकडे मालाचे नाव, वर एप्रिलपासून मार्चपर्यंत बारा रकाने. डोळ्यांना तो सुखावतो. परंतु बेरीज, निवड, तुलना यांसाठी संगणकास उभा तक्ता सोयीचा : एका ओळीत एकच माल, एकच महिना, एकच रक्कम. पहिला तेरजेसारखा, दुसरा कीर्दीसारखा. पांडाजमध्ये आडव्याचे उभे करणाऱ्या साधनास ‘मेल्ट’ म्हणतात, उभ्याचे आडवे करणाऱ्यास ‘पिव्हट टेबल’. नियम असा ठेवावा की साठवण उभ्या रूपात आणि दर्शन आडव्या रूपात. आडव्या तक्त्यातच वर्षानुवर्षे नोंदी चालू ठेवल्या तर पुढल्या वर्षी रकाने वाढतात आणि प्रत्येक हिशेब नव्याने लिहावा लागतो.

आडवे करताना महिन्यांच्या नावांची गंमत होते. अक्षरक्रमाने लावल्यास एप्रिलनंतर ऑक्टोबर येतो, मग ऑगस्ट, मग जानेवारी. पहिला महिना योगायोगाने बरोबर आल्यामुळे घाईत पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. महिन्यांचा क्रम एप्रिल ते मार्च असा आहे, हे यंत्रास सांगून ठेवावे लागते. पांडाजमध्ये क्रमयुक्त वर्ग म्हणून तशी सोय आहे.

आणि कामाचा वेग हवा असेल तर एक गोष्ट टाळावी. नवशिका प्रोग्राम लिहिणारा एकेक ओळ उचलून तिच्यावर संस्कार करीत बसतो. पांडाजची रचना संपूर्ण रकान्यावर एकदम काम करण्यासाठी आहे. ‘या रकान्यातील सर्व रकमांना शंभराने गुण’ असे एका वाक्यात सांगावे. लहान फाइलमध्ये फरक जाणवणार नाही. लाखभर नोंदींत मिनिटांचे काम सेकंदांवर येते.

तेरीज चुकवू नये

प्रत्येक रूपांतरानंतर तीन गोष्टी ताडून पाहाव्यात : ओळींची संख्या पूर्वीइतकीच आहे ना, रकमांची एकूण बेरीज तीच आहे ना, आणि अंकात न बदललेल्या, म्हणून रिक्त राहिलेल्या जागा किती. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. न वाचता आलेली रक्कम रिक्त समजावी असे पांडाजला सांगता येते, आणि घाईत तसे सांगितले जाते. मग ती रिक्त जागा बेरजेत मुकाट्याने वगळली जाते. कोणाची तरी जमा अशा वेळी नाहीशी होऊ शकते. त्याने दिलेले पैसे न दिल्यासारखे दिसतात आणि त्याच्याकडे पुन्हा मागणी जाते.

म्हणूनच मूळ फाइलला हात लावू नये. तिची प्रत घ्यावी, बदल प्रतीत करावेत, आणि कोणता रकाना कोणत्या रूपात घेतला हे प्रोग्रामच्या आरंभी मराठीत चार ओळींत लिहून ठेवावे. पायथन अशा टिपणीकडे दुर्लक्ष करते, परंतु पुढल्या वर्षी तो प्रोग्राम उघडणाऱ्या माणसाला तिचाच आधार असतो. जुन्या वहीत खाडाखोड न करता चुकीची नोंद उलट नोंदीने दुरुस्त करण्याची जी शिस्त होती, तिचाच हा नवा पाठ.

ज्या घरी हे काम आरंभावयाचे असेल त्यांनी संपूर्ण वर्षाला एकदम हात घालू नये. एकाच महिन्याची कीर्द घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांनी ती हाताने खतवावी आणि तरुणांनी पायथनने. दोन्ही तेरजा शेजारी शेजारी ठेवाव्यात. जेथे फरक पडेल तेथे थांबावे आणि तो अंकाचा आहे, तारखेचा आहे की नावाचा, हे दोघांनी मिळून शोधावे. ‘हे दोघे शहा वेगळे आहेत, एक पेठेतले आणि एक वेशीजवळचे’, ही माहिती कोणत्याही फाइलमध्ये नसते; ती आजोबांकडे असते. ती एकदा जुळणी-तक्त्यात उतरली की नातवाच्या प्रोग्रामला पुढे कायमची उपयोगी पडते. एका महिन्याचा मेळ बसला, की मग अकरा महिने यंत्रावर सोपवण्यास हरकत नाही.